ध्रुवापासून सेक्स्टंटपर्यंत : आकाश पाहून आपले स्थान ओळखण्याची सुरुवात

खगोलीय नौकानयन शिकवणारी बहुतेक पुस्तके नवशिक्याला पहिल्याच धड्यात समुद्राकाठी उभे करतात आणि क्षितिजापासून सूर्य किती उंच आहे ते मोजायला सांगतात. रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर मी हे पुस्तकाबरहुकूम करायला गेलो, तेव्हा पहिली अडचण लगेच पुढे आली, ती म्हणजे आपला समुद्र पश्चिमेला आहे. हिवाळ्यातला दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो आणि त्याच्याखाली जमीन व माडांची रांग येते. ध्रुवतारा उत्तरेला, तर त्याच्याखालीही जमीनच. पश्चिमेच्या मोकळ्या क्षितिजावर आपल्या वाट्याला येतो तो मावळता सूर्य, आणि पहिल्या मोजमापासाठी तो सर्वांत गैरसोयीचा आहे, कारण क्षितिजालगत वातावरणातील वक्रीभवनामुळे सूर्य आपल्या खऱ्या जागेपेक्षा सुमारे अर्धा अंश वर उचललेला दिसतो.

म्हणून या लेखातली सुरुवात क्षितिजाशिवाय आहे. ओळंबा, सावली, तेलाचे ताट, घड्याळ आणि सेक्स्टंट (आरशांच्या साहाय्याने आकाशातले कोन मोजण्याचे उपकरण) एवढ्या सामानावर गच्चीत किंवा अंगणात उभे राहून आपला अक्षांश आणि रेखांश काढता येतो. त्यासाठी काही निरभ्र दिवस आणि रात्री लागतात. दिवाळीनंतरचे चार-पाच महिने यासाठी उत्तम, आणि पावसाळ्यात हा नाद सोडून दिलेला बरा.

आधी कल्पना स्पष्ट हवी

कोणत्याही क्षणी प्रत्येक तारा पृथ्वीवरच्या एखाद्या ठिकाणी बरोबर डोक्यावर असतो. त्या ठिकाणापासून आपण जितके दूर जाऊ, तितका तो तारा आपल्या शिरोबिंदूपासून खाली सरकतो, आणि हे सरकणे अगदी हिशेबी असते. ताऱ्याची क्षितिजापासूनची कोनात्मक उंची म्हणजे उन्नतांश. नव्वद अंशांतून तो वजा केला की शिरोबिंदूपासूनचे अंतर मिळते, आणि त्या अंतराची एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, जमिनीवरच्या एका सागरी मैलाइतकी असते. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. सागरी मैल हे विचित्र वाटणारे माप मुळात या कोनातूनच आले आहे.

एखाद्या ताऱ्याचा उन्नतांश ५० अंश आला, तर तो तारा जिथे डोक्यावर आहे त्या ठिकाणापासून आपण ४० अंश, म्हणजे २,४०० सागरी मैल दूर आहोत एवढेच कळते; कोणत्या दिशेला आहोत ते कळत नाही. आपण २,४०० मैल त्रिज्येच्या एका अवाढव्य वर्तुळावर कुठेतरी आहोत. एक मोजमाप म्हणजे एक वर्तुळ, आणि दोन मोजमापे म्हणजे दोन वर्तुळांचा छेद. या विद्येचा सारा इतिहास म्हणजे ही वर्तुळे अधिकाधिक नेमकी काढण्याची आणि ती नकाशावर मांडता येण्याची धडपड आहे.

ध्रुवतारा या बाबतीत फार सोयीचा आहे. तो जवळजवळ उत्तर ध्रुवाच्या माथ्यावर असल्याने त्याचे वर्तुळ म्हणजे थेट अक्षवृत्तच असते, त्यामुळे ध्रुवाचा उन्नतांश मोजला की अक्षांश हातात येतो आणि घड्याळाचीही गरज पडत नाही.

पहिली रात्र : ध्रुव आणि ओळंबा

कंपासपेटीतला अर्धवर्तुळाकृती कोनमापक घ्या. शक्यतो मोठा, फळ्यावर वापरतात तसा मिळाला तर फारच चांगले. त्याच्या सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटपट्टीने घट्ट बसवा. मध्यबिंदूच्या छिद्रातून बारीक धागा ओवून त्याला एखादा जड नट किंवा जाळ्याला लावतात ते शिसे बांधा. नळीतून ध्रुवतारा पाहिला की धागा कोनमापकावर जिथे टेकतो तो आकडा आणि नव्वद यांच्यातला फरक म्हणजे उन्नतांश. या नळीतून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नये, क्षणभरही नाही.

ध्रुव शोधायला सप्तर्षी किंवा शर्मिष्ठा उपयोगी पडते. कोकणातून तो क्षितिजापासून सुमारे १७ अंशांवर असतो. हात पूर्ण ताणून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते, म्हणजे उत्तर क्षितिजापासून पावणेदोन मुठी वर तो सापडायला हवा. तो फारसा तेजस्वी नाही हे आधीच लक्षात घ्यावे, कारण अनेकांची समजूत उलट असते आणि ते भलत्याच ताऱ्याला ध्रुव समजून बसतात.

नळी डोळ्याला लावणाऱ्याने आकडा वाचू नये. ते काम दुसऱ्याने विजेरी घेऊन करावे. माझ्या पहिल्या रात्री वाचणारे कोणी नव्हते, म्हणून मी धागा बोटाने दाबून धरून कोनमापक खाली आणत होतो, आणि दाबताना धागा दर वेळी एकाच बाजूला सरकत होता. आठ वाचनांची सरासरी १४ अंश आली, म्हणजे हिशेबाने मी कारवारच्याही दक्षिणेला होतो. दुसऱ्या रात्री शेजारच्या मुलाला विजेरी दिली आणि सरासरी साडेसतरा अंशांवर आली. किमान दहा वाचने घ्यावीत, सर्वांत विसंगत एक-दोन सोडून द्यावीत आणि उरलेल्यांची सरासरी काढावी. अशा उपकरणाने अर्ध्या अंशापर्यंत, म्हणजे ३० सागरी मैलांपर्यंत पोचलात तर समाधान मानायला हरकत नाही.

याहून नेमके जायचे असेल तर आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. ध्रुवतारा खऱ्या खगोलीय ध्रुवापासून आज सुमारे ३८ कला दूर आहे आणि रोज त्याच्याभोवती एक छोटी फेरी मारतो. तो ध्रुवबिंदूच्या ज्या बाजूला आहे, जवळपास त्याच बाजूला शर्मिष्ठा आहे. त्यामुळे नोव्हेंबरअखेरीस रात्री अकराच्या सुमारास, शर्मिष्ठा ध्रुवाच्या वर असताना मोजले, तर आलेल्या उन्नतांशातून सुमारे ३८ कला वजा कराव्यात. मेच्या मध्यावर मध्यरात्रीच्या सुमारास, शर्मिष्ठा क्षितिजाखाली गेलेली असताना मोजले, तर तितक्याच मिळवाव्यात. मधल्या काळात, ती ध्रुवाच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला असताना दुरुस्ती जवळजवळ शून्य असते. माझ्या साडेसतरातून हे वजा गेल्यावर सोळा अंश बावन्न कला उरल्या, आणि रत्नागिरी सतराच्या किंचित आत आहे, तेव्हा नळी-धाग्याच्या मानाने ते नशीबच म्हणायचे.

याच ध्रुवावर चाललेली अरबी समुद्रातली वाहतूक

अरबी समुद्रातले नाखुदे नेमके हेच करत, पण त्यांच्याजवळ क्षितिज होते म्हणून त्यांचे साधन आणखी सोपे होते. त्याला कमाल म्हणत. लाकडाची एक छोटी आयताकृती पाटी, तिच्या मध्यातून ओवलेली दोरी आणि दोरीला गाठी, एवढाच त्याचा संसार. ठरलेली गाठ दातांत धरायची, दोरी ताठ होईपर्यंत पाटी पुढे न्यायची, पाटीची खालची कडा क्षितिजाला टेकवायची आणि ध्रुव वरच्या कडेला लागतो का ते पाहायचे. अमुक बंदराची अमुक गाठ हे ठरलेले असले की समुद्रात उत्तर-दक्षिण सरकत ध्रुव त्या गाठीला आणायचा आणि मग त्याला तिथेच ठेवून सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला जायचे. किनारा लागतो तो हव्या त्या बंदराजवळच. रेखांश न कळताही महासागर ओलांडता येतो तो असा. कोन मोजण्याचे त्यांचे एकक इस्बा, म्हणजे बोट. पूर्ण वर्तुळाचे २२४ इस्बा धरत, त्यामुळे एक इस्बा साधारण १ अंश ३६ कलांचा होतो.

वास्को द गामा २४ एप्रिल १४९८ रोजी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदीहून निघाला आणि २० मे रोजी कालिकतजवळ पोचला, तो तिथे मिळालेल्या वाटाड्याच्या भरवशावर. हा वाटाड्या म्हणजे प्रसिद्ध अरब नाविक अहमद इब्न माजिद, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. आज इतिहासकार ते मानत नाहीत, आणि पोर्तुगीज बखरकारांनी तर त्याला गुजराती म्हटले आहे. बखरकार जुआंव द बारुश लिहितो की, गामाने त्याला आपले ॲस्ट्रोलेब, म्हणजे सूर्य-ताऱ्यांचा उन्नतांश मोजण्याचे उपकरण, दाखवले तेव्हा त्याला काहीच नवल वाटले नाही.

ॲस्ट्रोलेब पोर्तुगिजांना लागत होते त्यालाही कारण होते. आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेला जाताना विषुववृत्त ओलांडले की ध्रुवतारा क्षितिजाखाली जातो आणि सूर्यावाचून पर्याय उरत नाही. पण सूर्य वर्षभर उत्तर-दक्षिण हलत असल्याने त्याची रोजची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे अंतर, कोष्टकातून घ्यावे लागते. ही कोष्टके ज्यू ज्योतिर्विद अब्राहम झाकुतो याच्या गणितावरून आली आणि १४९६ मध्ये पोर्तुगालमधील लैरिया येथे छापली गेली. आपली पुढची पायरीही सूर्याचीच आहे.

दिवसा : शंकू आणि सावली

पंचांगकर्त्यांच्या परिभाषेत पलभा नावाचा शब्द आहे. बारा अंगुळे उंचीच्या शंकूची विषुवदिनी मध्यान्ही पडणारी सावली म्हणजे त्या गावाची पलभा, आणि गावाचा अक्षांश सांगण्याची ती जुनी रीत होती. रत्नागिरीची पलभा गणिताने सुमारे ३.६७ अंगुळे येते, मुंबईची ४.१ च्या आसपास. बारा अंगुळांऐवजी एक मीटरची काठी घेतली तर तेच गणित सेंटिमीटरमध्ये करता येते.

सपाट फरशीवर काठी ओळंब्याने तपासून उभी करा. तिच्या बुडाभोवती खडूने एक वर्तुळ काढा, असे की सकाळी दहा-साडेदहाला सावलीचे टोक त्याला बाहेरून स्पर्श करील. सावलीचे टोक वर्तुळात शिरते तिथे एक खूण करा आणि दुपारी ते बाहेर पडते तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते आणि तिला काठीच्या बुडातून काढलेला लंब म्हणजे खरी उत्तर-दक्षिण रेषा. ही रीत शुल्बसूत्रांत यज्ञवेदीची दिशा ठरवण्यासाठी सांगितलेली आहे आणि चुंबकीय होकायंत्रापेक्षा ती भरवशाची आहे. दोन्ही खुणांच्या वेळा सेकंदांसह लिहून ठेवा. त्या पुढे लागणार आहेत.

दुसऱ्या दिवशी सावली उत्तर-दक्षिण रेषेवर येईल तेव्हा तिची लांबी मोजा. २१ डिसेंबरला रत्नागिरीत एक मीटरच्या काठीची मध्यान्ह-सावली सुमारे ८५ सेंटिमीटर पडते. सावलीचे टोक कधीच धारदार नसते, कारण सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे; त्यामुळे टोक दीडेक सेंटिमीटर भर धूसर दिसते आणि नेमके कुठे मोजायचे ते समजत नाही. त्यावर उपाय म्हणजे काठीच्या टोकाला मध्ये बारीक छिद्र पाडलेला पुठ्ठा बसवावा. मग फरशीवर सूर्याचा लहानसा प्रकाशठिपका पडतो आणि त्याच्या मध्यापर्यंतचे अंतर निश्चित मोजता येते; छिद्राची फरशीपासूनची उंचीच अर्थात काठीची उंची धरायची. हे करून घेण्यासारखे आहे, कारण या सावलीत एका सेंटिमीटरची चूक म्हणजे अक्षांशात सुमारे २० कलांची, अर्थात ३७ किलोमीटरची चूक होते.

उंची भागिले सावली या गुणोत्तरावरून कॅल्क्युलेटरने कोन काढला की सूर्याचा उन्नतांश मिळतो. नव्वदातून तो वजा केला की शिरोबिंदूपासूनचे अंतर, आणि सूर्याची क्रांती दक्षिण असेल तर ती त्यातून वजा केली, उत्तर असेल तर त्यात मिळवली, की अक्षांश. हा नियम सूर्य आपल्या दक्षिणेला असतानाचा आहे. मे ते जुलै या काळात कोकणात सूर्य डोक्यावर किंवा थोडा उत्तरेला जातो, सावली जवळजवळ नाहीशी होते आणि मोजण्यासारखे फारसे काही उरत नाही.

सेक्स्टंट आणि तेलाचे ताट

सेक्स्टंटच्या आधीची उपकरणे हलत्या जहाजावर त्रास देत, कारण माणसाला एकाच वेळी दोन ठिकाणी, सूर्याकडे आणि क्षितिजाकडे, पाहावे लागे. १५९० च्या दशकात जॉन डेव्हिसने सूर्याकडे पाठ करून सावलीवरून मोजण्याचे उपकरण बनवले, त्याने डोळे वाचले; पण मूळ अडचण सुटली ती १७३१ मध्ये जॉन हॅडलीने आरशांचे ऑक्टंट मांडले तेव्हा. त्याच सुमारास फिलाडेल्फियात टॉमस गॉडफ्रे यानेही स्वतंत्रपणे तसेच उपकरण केले होते. दोन आरशांतून परावर्तित झालेला सूर्य आणि थेट दिसणारे क्षितिज एकाच दुर्बिणीत शेजारी येतात, आणि जहाज हेलकावले तरी दोन्ही प्रतिमा बरोबरच हलतात, त्यांच्यातला कोन बदलत नाही. दोनदा परावर्तन झाल्यामुळे आरसा बसवलेली फिरती भुजा जितकी फिरते त्याच्या दुप्पट कोन मोजला जातो; म्हणून वर्तुळाचा आठवा भाग असलेले ऑक्टंट ९० अंश मोजते आणि सहावा भाग असलेले सेक्स्टंट १२०. सेक्स्टंट १७५० च्या दशकाच्या अखेरीस जॉन बर्डने बनवले, आणि त्याची मूळ रचना आजही तीच आहे.

शिकण्यासाठी प्लॅस्टिकचे सेक्स्टंट पुरते. धातूचे जुने विकत घेताना आरशांचा पारा उडालेला नाही ना आणि भुजा सैल नाही ना, एवढे तरी पाहावे. हातात घेतल्यावर पहिले काम शून्यदोष काढण्याचे. भुजा शून्यावर ठेवून दूरचा तारा किंवा क्षितिज पाहायचे. दोन प्रतिमा एकमेकींवर येत नसतील तर त्या येईपर्यंत भुजेच्या टोकाचा ड्रम, म्हणजे बारीक मापाची चकती, फिरवायचा आणि आकडा वाचायचा. तो शून्याच्या वरच्या बाजूला आला तर पुढच्या प्रत्येक वाचनातून वजा, खालच्या बाजूला आला तर मिळवायचा. प्लॅस्टिकच्या सेक्स्टंटचा शून्यदोष उन्हात तापल्यावर बदलतो, म्हणून तो दर वेळी नव्याने काढावा.

आता क्षितिजाचा प्रश्न. एका ताटात गाडीचे वापरलेले काळे इंजिन ऑइल ओतून ते वाऱ्यापासून आडोशाला ठेवा. ते नको असेल तर काकवीही चालते, आणि ही गंमत म्हणून सांगत नाही. पूर्वीच्या सर्वेक्षकांनी पाऱ्याच्या बरोबरीने काकवीसारखा दाट पाकही वापरलेला आहे. मुंग्यांचा बंदोबस्त मात्र करावा लागतो. द्रवाचा पृष्ठभाग आपोआप समतल होतो, त्यामुळे त्यात दिसणारा सूर्य क्षितिजाच्या जितका खाली, तितकाच खरा सूर्य वर असतो, आणि दोघांमधला कोन उन्नतांशाच्या बरोबर दुप्पट येतो.

दोन्ही वाटांतल्या, म्हणजे आरशाच्या आणि थेट पाहण्याच्या बाजूच्या, गडद काचा आधी लावा. ताटातला सूर्यही डोळ्याला तितकाच घातक आहे हे नवशिके विसरतात. थोडे मागे सरून ताटात सूर्य दिसेल असे बसा, भुजा हळूहळू पुढे नेत आरशातला सूर्य खाली आणा आणि एक तबकडी दुसरीवर बरोबर बसवा. वेगळ्या रंगाच्या काचा लावल्या तर कोणता सूर्य कोणता ते ओळखू येते. मध्यान्हाच्या आधी दहा मिनिटांपासून दर मिनिटाला वाचन घ्या. आकडा वाढत जातो, काही काळ जागच्या जागी थबकतो आणि मग उतरू लागतो. सर्वांत मोठा आकडा आपला.

एक उदाहरण करून पाहू. समजा, २१ डिसेंबरला रत्नागिरीत सर्वांत मोठे वाचन ९९ अंश १२.४ कला आले आणि शून्यदोष २ कला वजा करण्याचा आहे. उरले ९९ अंश १०.४ कला, निम्मे केले की ४९ अंश ३५.२ कला. या उंचीवर वक्रीभवनाची दुरुस्ती, सूर्याचे बारीकसे लांबन (पृथ्वीच्या केंद्राऐवजी पृष्ठभागावरून पाहिल्याने पडणारा फरक) धरून, ०.७ कला वजा. खरा उन्नतांश ४९ अंश ३४.५ कला. नव्वदातून वजा केल्यावर ४० अंश २५.५ कला उरतात. त्या दिवशी सूर्याची दक्षिण क्रांती २३ अंश २६ कला. ती वजा केली की उत्तर अक्षांश १६ अंश ५९.५ कला. दोन तबकड्या केंद्रावर केंद्र बसवल्यामुळे सूर्याच्या त्रिज्येची दुरुस्ती लागत नाही आणि ताटामुळे डोळ्याच्या उंचीचीही लागत नाही, म्हणून घरची ही रीत एका अर्थी समुद्रावरच्या रीतीपेक्षा स्वच्छ आहे. तिची मर्यादा एकच : कोन दुप्पट होत असल्याने साठ अंशांच्या वरचा सूर्य सेक्स्टंटच्या मापात मावत नाही, आणि कोकणात फेब्रुवारीच्या मध्यानंतर दुपारचा सूर्य साठाच्या वर जातोच.

घड्याळ

अक्षांशाला घड्याळ लागत नाही, रेखांशाला त्याच्याशिवाय चालत नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणजे एक अंशाला चार मिनिटे आणि एका कलेला चार सेकंद. आपल्याकडचा मध्यान्ह ग्रिनिचच्या मध्यान्हाच्या किती आधी झाला ते कळले की रेखांश कळला. सांगायला इतके सोपे असलेले हे काम शतकानुशतके अडून राहिले, कारण हेलकावणाऱ्या, तापणाऱ्या आणि गारठणाऱ्या जहाजावर ग्रिनिचची वेळ टिकवून धरणारे घड्याळच नव्हते. १७०७ मध्ये आपले स्थान चुकल्यामुळे सिली बेटांच्या खडकांवर इंग्लंडच्या आरमाराची चार जहाजे फुटली. १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने अर्ध्या अंशापर्यंत रेखांश देणाऱ्या पद्धतीला २०,००० पौंडांचे बक्षीस लावले, आणि सुतारकामातून घड्याळांकडे वळलेल्या जॉन हॅरिसनचे चौथे घड्याळ १७६१-६२ च्या जमेकाच्या प्रवासात अवघे पाच सेकंद चुकले. त्याला पूर्ण बक्षीस द्यायला टाळाटाळ झाली हा भाग निराळा. राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन चंद्राच्या ताऱ्यांपासूनच्या कोनात्मक अंतरावरून वेळ काढण्याच्या पद्धतीचा पुरस्कर्ता होता. त्याने सुरू केलेले नॉटिकल अल्मनॅक, म्हणजे सूर्य, चंद्र व ताऱ्यांच्या स्थानांच्या कोष्टकांचे वार्षिक पुस्तक, १७६७ या वर्षापासूनचे असून ते आजही निघते. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा बांधली, तिच्याही मूळ उद्देशांत वेळ राखणे हेच होते.

आपल्या हातात मोबाइल असल्याने हॅरिसनचे काम झालेले आहे. मध्यान्हाचा क्षण मात्र थेट मोजायचा नाही, कारण त्या वेळी सूर्य बराच काळ एकाच उंचीवर थबकल्यासारखा दिसतो. त्याऐवजी सकाळी एक उंची घ्यायची, सेक्स्टंटची भुजा तशीच ठेवायची आणि दुपारी सूर्य पुन्हा नेमक्या त्याच उंचीवर केव्हा येतो ते पाहायचे. दोन वेळांचा मध्य म्हणजे मध्यान्ह. खडूच्या वर्तुळावरच्या दोन खुणांच्या वेळांचेही हेच गणित आहे.

समजा, २१ डिसेंबरला या वेळा ११ वाजून ३५ मिनिटे १० सेकंद आणि १ वाजून ३४ मिनिटे ५० सेकंद अशा आल्या. मध्य १२ वाजून ३५ मिनिटे. भारतीय प्रमाणवेळेतून साडेपाच तास वजा केले की ग्रिनिचची वेळ ७ वाजून ५ मिनिटे. पण सूर्य घड्याळाइतका नियमित नाही. नोव्हेंबरच्या आरंभी तो सोळा मिनिटांहून अधिक पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्यात चौदा मिनिटे मागे. हे काळसमीकरण अल्मनॅकमधून घ्यावे. आपल्या उदाहरणात ते १ मिनिट ४८ सेकंद पुढे आहे असे धरले, तर ग्रिनिचचा खरा मध्यान्ह ११ वाजून ५८ मिनिटे १२ सेकंदांनी. फरक ४ तास ५३ मिनिटे १२ सेकंद. त्याला पंधराने गुणले की पूर्व रेखांश ७३ अंश १८ कला. डिसेंबरअखेरीस सूर्याची क्रांती जवळजवळ स्थिर असते म्हणून हे इतके सरळ आले; मार्चमध्ये केले तर काही सेकंदांची दुरुस्ती करावी लागेल.

बिंदू नव्हे, रेषा

समुद्रावर मध्यान्हाची वाट पाहत बसता येत नाही आणि दुपारी नेमके ढग येतात. १७ डिसेंबर १८३७ रोजी आयर्लंडच्या दक्षिणेकडील समुद्रात धोकादायक किनाऱ्याकडे जात असलेल्या टॉमस सम्नर या अमेरिकन कप्तानाला ढगांतून सूर्याचे एकच दर्शन मिळाले. आपला अक्षांश त्याला खात्रीने ठाऊक नव्हता, म्हणून त्याने वेगवेगळे अक्षांश धरून तेच गणित पुन्हा केले, आणि मिळालेले बिंदू एका सरळ रेषेत पडले. ती रेषा त्या अवाढव्य वर्तुळाचाच एक तुकडा होती. एकाच वेधातून स्थान मिळत नाही, पण रेषा मिळते, आणि ती रेषा एखाद्या दीपगृहावरून जात असेल तर तिच्यावरून चालत जाता येते. १८७५ मध्ये फ्रेंच आरमारातील मार्क सँतिलेर याने याचीच आज वापरली जाणारी रीत बसवली.

ती अशी. आपण कुठे आहोत याचा अंदाज धरा. त्या अंदाजी जागेवरून तारा किती उंच दिसायला हवा ते कोष्टकावरून किंवा कॅल्क्युलेटरने काढा. मग प्रत्यक्ष मोजा. मोजलेला उन्नतांश गणिताच्या उन्नतांशापेक्षा जास्त आला, तर जितक्या कला जास्त तितके सागरी मैल नकाशावर ताऱ्याच्या दिशेने सरका. कमी आला तर तितकेच उलट दिशेला. तिथे ताऱ्याच्या दिशेला लंब रेषा काढा. आपण त्या रेषेवर आहोत. दुसऱ्या ताऱ्याची दुसरी रेषा काढली की छेद मिळतो, आणि तिसरी रेषा पहिल्या दोघींची चूक उघडी पाडते.

घरी याचा सराव करताना अंदाजी जागा मुद्दाम चुकीची धरा. रत्नागिरीत बसून अंदाज गुहागरचा धरा आणि रेषा तुम्हाला परत रत्नागिरीला आणते का ते पाहा. एकदा हे जमले की पुस्तकातील कोष्टकांची भीती जाते.

होडीवर गेल्यावर

समुद्रावर क्षितिज मिळते, पण दुरुस्त्या वाढतात. डोळा पाण्यापासून जितका उंच तितके क्षितिज खाली दिसते. डोळा चार मीटरवर असेल तर साडेतीन कला वजा कराव्या लागतात. सूर्याची खालची कडा क्षितिजाला टेकवली असेल तर त्याच्या त्रिज्येच्या सुमारे १६ कला मिळवाव्या लागतात. सेक्स्टंट तिरका धरला तर कोन मोठा येतो, म्हणून तो लंबकासारखा किंचित डाव्या-उजव्या बाजूला झुलवायचा. सूर्य एक कमान काढतो आणि कमानीचा तळ क्षितिजाला लागतो तो क्षण खरा. लाट मोठी असेल तर होडी माथ्यावर असतानाच वाचन घ्यावे, नाहीतर क्षितिज समजून पुढच्या लाटेचा माथा मोजला जातो.

हे सारे आजही कामाचे आहे का, असे विचारणाऱ्याला सुहैलीचे नाव सांगावे. मुंबईत सागवानात बांधलेल्या या नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने १९६८-६९ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ३१२ दिवसांत, कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. स्थान सांगायला सेक्स्टंट होता. त्या शर्यतीच्या आठवणीखातर आता होणाऱ्या गोल्डन ग्लोब शर्यतीत जीपीएस वापरता येत नाही. २०१८ च्या शर्यतीत अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या थुरिया नौकेतून उतरले आणि दक्षिण हिंदी महासागरातील वादळात जबर जखमी झाले. २०२२ च्या शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. अमेरिकेच्या नौदल अकादमीने बंद केलेला हा विषय २०१५ मध्ये पुन्हा सुरू केला, कारण उपग्रहाचा संदेश अडवता येतो.

ताऱ्यांचे वेध फक्त संधिप्रकाशात घेता येतात, कारण तारे आणि क्षितिज दोन्ही एकदम दिसायला हवेत, आणि आपल्या अक्षांशांवर संधिप्रकाश फार वेळ थांबत नाही. म्हणून कोणते तारे कोणत्या दिशेला, किती उंचीवर असतील याची यादी आधीच करून ठेवावी. डिसेंबरअखेरच्या संध्याकाळी पश्चिमेला श्रवण, वायव्येला अभिजित, ईशान्येला ब्रह्महृदय आणि पूर्वेला रोहिणी अशी चौफेर निवड सापडते. पूर्वेचे क्षितिज आधी काळवंडते, म्हणून संध्याकाळी पूर्वेचे तारे आधी मोजावेत. तीन रेषा क्वचितच एका बिंदूत मिळतात. नकाशावर एक छोटा त्रिकोण उरतो आणि लहान होडीवरून तो चार-पाच मैलांचा आला तरी चांगला. अशा वेळी त्रिकोणाच्या मध्यावर पेन्सिल टेकवण्याचा मोह होतो, पण जवळपास खडक असेल तर आपण त्रिकोणाच्या त्या टोकाला आहोत जे खडकाला सर्वांत जवळ आहे, असे धरून सुकाणू वळवावे.